मत बदलायला आलेल्या बाई

निवृत्त झालेल्या वसुंधरा ताम्हाणे पुन्हा कंपनीत आल्या, त्या स्वतःचं एक मत बदलायला. त्यांची सगळी मतं शिकलेलं यंत्र आता तिथे त्यांच्याच आवाजात नव्या प्रोग्रॅमरांना वळण लावत होतं.

"ज्याला घरी पळायची घाई, त्याचा कोड कच्चाच, हे माझं मत काढून टाक," त्या यंत्राला म्हणाल्या. "साफ चुकलं होतं माझं."

"वसुंधरा असं कधीच म्हणणार नाही," स्पीकरमधून त्यांचाच करडा आवाज आला. "अनुजा, या बाई कोण आहेत ते बघ."

"अगं अनुजा, तुला कामाला मीच घेतलं ना?" वसुंधराबाई शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रॅमर मुलीला म्हणाल्या.

अनुजा ताडकन उठली.

"हो, मॅडम," ती स्पीकरला म्हणाली आणि वसुंधराबाईंपुढे हात केला. "ओळखपत्र?"