झग्याची पाठ

जुन्या पोशाखांच्या प्रदर्शनातला तो शंभर वर्षांचा रेशमी झगा रोज सकाळी काखेत घामाने ओला सापडे. संशय आला तो डागडुजी करणाऱ्या शिवणवाल्या मावशींवर.

“रात्री कोण मिरवतं हो हा घालून?” प्रमुख बाई हसत म्हणाल्या, पण नजर मावशींच्या काखेवर होती. “पुन्हा दिसलं, तर उद्यापासून येऊ नका.”

“देवाशपथ, मी नाही!”

मावशींनी सगळ्यांदेखत, पुतळ्याच्या अंगावरच झग्याची पाठीमागची फट शिवून टाकली आणि बाहेरून पक्की गाठ मारली.

सकाळी काख ओलीच होती.

“टाके मात्र शाबूत आहेत,” बाई म्हणाल्या. “सुटलात, मावशी.”

मावशींनी टाक्यांवरून बोट फिरवलं. टाके त्यांचे नव्हते. आणि गाठ आतून मारलेली होती.