तोताराम आबांची वही आणि सरांचा जबाब

"ही दुसरी रेकॉर्डिंग बनावट आहे," लीलाधर सरांनी पेन ड्राइव्ह टेबलावर सरकवला. "माझीच विद्यार्थिनी आहे, म्हणून लाज जास्त वाटते."

प्राचार्या सपना मॅडमनी आपला मोबाइल मधोमध ठेवून रेकॉर्डिंग सुरू केली होती. जबाब नंतर टाइप व्हायचा होता. समोर पुनम बसली होती. जामनेरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि पाच वर्षं सरांच्या हाताखाली पीएच.डी.साठी राबत होती. आज सरांचं म्हणणं मान्य झालं की तिची नोंदणी रद्द, आणि पुढच्या वर्षीच्या तासिकाही गेल्या.

सर संशयाचे पक्के. दूध आलं की त्यात पाणी शोधायचे, पाहुणा आला की त्याचं काम शोधायचे. पण खोटेपणाचा आरोप त्यांच्यावर वैऱ्यानंही केला नसता. सत्तावीस वर्षं त्यांनी ग्रीक महाकाव्य शिकवलं. एवढं हजारो ओळींचं काव्य कुणीतरी बसून रचलं आणि बाकीच्यांनी घोकलं, असं त्यांचं ठाम मत होतं. पुनमचा प्रबंध नेमकं उलटं सांगत होता. जुना गायक पाठ करत नाही. ठरलेली विशेषणं, ठरलेले तुकडे हाताशी घेऊन दर वेळी नव्यानं गातो. आणि आपण तेच गायलो, असं मनापासून मानतो.

ते ग्रीक गायक मरून अडीच हजारांवर वर्षं झाली. त्यांना विचारणार कोण? म्हणून ती अमळनेरकडच्या एका खेड्यात तोताराम आबांकडे गेली. आबा वही गातात, म्हणजे ढोलाच्या तालावर राजाराणीची लांबलचक कथा. एकच वही तिनं वर्षाच्या अंतरानं दोनदा रेकॉर्ड केली. पहिली भरली चाळीस मिनिटं, दुसरी सव्वा तास. पहिलीत राजाचा घोडा पांढरा, दुसरीत काळा. शिवाय पहिलीत नसलेली एक बहीण दुसरीत ओक्साबोक्शी रडत होती.

सरांना ती बहीण पचेना.

"मी स्वतः आबांकडे गेलो," ते मॅडमना म्हणाले. "डेअरीच्या पायरीवर बसले होते. विचारलं, ही वही किती तऱ्हेनं गाता? म्हणाले, 'एकच शे, भाऊ.' एकच आहे, संपलं. मग दुसरी आली कुठून? आजकाल मशीन कुणाचाही आवाज काढतं."

पुनम मोबाइलकडे बघत होती. ती नजर चुकवतेय म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय, असं सरांना वाटलं.

चौकशी समितीत मॅडमबरोबर असलेले पितांबर सर धुळ्याहून यायचे होते. त्यांची बस पारोळ्याला अडकली होती. ते आले तेव्हा साडेबारा वाजले होते. घाम पुसत म्हणाले, "माफ करा. मला पहिल्यापासून सांगा."

मॅडमनी मोबाइलवर नवी रेकॉर्डिंग सुरू केली आणि सरांनी पहिल्यापासून सांगितलं. रणरणत्या उन्हात ते गावात उतरले. आबा कडुनिंबाखाली खाटेवर पडले होते. पुनमचं नाव काढताच आबांनी मान फिरवली. सांगता सांगता सरांना ती फिरलेली मान स्पष्ट दिसत होती. मग आबा उठून बसले. म्हणाले, "बठ्ठं एकच शे, भाऊ. मना बाप जसं म्हने, तसंच मी म्हनस. एक शबद बी बदलना नही." सगळं बाप म्हणायचा तसंच गातो, हे सांगताना म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इथे सरांनीही चष्मा काढून पुसला. पितांबर सर हळहळले. त्यांनी पुनमकडे पाहिलं, ती नजर चांगली नव्हती.

"तुला काही म्हणायचंय?" मॅडमनी विचारलं.

पुनम उभी राहिली.

"सर, सकाळी मॅडमना सांगितलंत, तेच आत्ता सांगितलंत ना?"

"म्हणजे काय?" सर उसळले. आता ही पोरगी त्यांच्यावर संशय घेणार? "शब्दन् शब्द तेच! माझ्या बोलण्यात काना-मात्रेचा फरक पडत नाही."

मॅडमनी मोबाइलकडे पाहिलं. सकाळची रेकॉर्डिंग चार मिनिटांची होती, आत्ताची एकोणीस. त्यांनी सकाळची लावली.

सर ऐकत राहिले. डेअरीची पायरी ऐकली. 'एकच शे, भाऊ' ऐकलं. कडुनिंबाची, खाटेची वाट पाहिली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतल्या पाण्याची वाट पाहिली. रेकॉर्डिंग संपली.

मशीन कुणाचाही आवाज काढतं, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण मोबाइल मॅडमचा होता आणि सकाळपासून टेबलावरून हलला नव्हता. त्यांनी आठवून पाहिलं. पायरी दिसली. खाटही दिसली, तितकीच खरी. आपण खोटं बोललो नाही, एवढं एकच त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मॅडमनी मोबाइल बंद केला. मग सरांनी पेन ड्राइव्ह उचलून पुनमपुढे ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात संशय नव्हता, नुसता प्रश्न होता.

"म्हणजे आबा खरं बोलत होते?"

"हो सर," पुनम म्हणाली. "तुमच्याइतकंच."