पंपाची जागा

जिवंत प्रवाळांचा टँक दिवाणखान्यात ठेवायचं ठरलं. पाणी कसं फिरवायचं ते बघायला माझा मुलगा निरंजन फरशीवर खडूने पाइपांच्या रेघा मारत होता. टँकमधलं पाणी खालच्या टाकीत उतरणार, तिथे गाळलं जाणार आणि पंप ते पुन्हा वर चढवणार. पंप अहोरात्र चालू हवा, नाहीतर प्रवाळ मरतात.

"पण त्याची घरघर केवढी!" सून म्हणाली. "इथे नको हं तो."

"आईच्या खोलीत ठेवू. भिंतीला एक भोक पाडलं की झालं. तिला कुठे ऐकू येतंय?"

"आणि आई हर्णैच्या! समुद्र उशाशी आला म्हणून खूशच होतील." दोघं हसली.

मी शेजारीच मटार सोलत होते. माझे कान चांगले आहेत. आमचे हे गेल्यावर सुनेची धुसफूस कानावर येऊ लागली, तेव्हा भांडणं नकोत म्हणून मला कमी ऐकू येतं, असं मीच सांगायला लागले. घर शांत झालं. मग दोघं माझ्यासमोरच सगळं बोलू लागली, माझ्या पश्चात माझी खोली कशाला वापरायची इथपर्यंत. शब्द न शब्द मला पाठ आहे. आता पंपाला नको म्हटलं, तर ते सगळं ऐकल्याचं उघड होईल. मग या घरात कोणी कोणाला तोंड दाखवायचं? हर्णैचा समुद्र ओहोटीला दूर तरी जायचा.

निरंजन माझ्या कानाशी वाकून ओरडला, "आई, तुझ्या खोलीत पंप ठेवतोय! आवाजाचा त्रास नाही ना होणार?"

"कसला आवाज?" मी विचारलं.