मास्तरांची टेप

खांद्याच्या ऑपरेशननंतर टेलर मास्तरांच्या बायकोच्या हातात, शिरेत, दोनदा रक्ताची गुठळी झाली. डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवल्या आणि बजावलं, "रोज दंड मोजा. बारा इंच भरला, की गुठळी परत झाली समजा. तडक घेऊन या."

मापं घेण्यात तर मास्तरांचा हात कोण धरणार! तीस वर्षं गळ्यात रुळलेली टेप ते रोज सकाळी तिच्या दंडाला लावत. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, आज हात फार जड वाटतोय." त्यांनी दोनदा मोजलं. "साडेअकरा. उगाच घाबरतेस. माझी टेप कधी चुकलीय का?"

दुपारी गुठळी फुप्फुसात पोचली आणि सगळं संपलं.

तेव्हापासून कुणाच्याही दंडाला टेप लावली, की ते "अहो" मास्तरांच्या कानात घुमायचं. महिन्याभराने एक जुनं गिऱ्हाईक शर्ट परत घेऊन आलं. "मास्तर, माप तर वहीतलं जुनंच, मग हल्ली तुमच्या बाह्या सैल का होतात हो?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि लोखंडी फूटपट्टीवर ठेवली.



पट्टीचे बारा इंच संपले, तिथे वापरून वापरून ताणलेली टेप साडेअकराच दाखवत होती.