धाकट्याचं पूर्ण नाव

“टोपणनाव नको. पूर्ण नाव सांगा, मोठ्यानं,” लग्न लावणाऱ्या साहेबांनी चष्म्यावरून पाहत पुन्हा सांगितलं. “कागदावरचं नाव तोंडानं उच्चारल्याशिवाय इथं लग्न लागत नाही.”

नवऱ्यामुलाचं तोंड उघडलं आणि मिटलं. नवरी त्याच्याकडे बघत राहिली. एरवी हा माणूस गिऱ्हाइकाला बोलू देत नाही. सायकलीचं पंक्चर काढता काढता जगाच्या गोष्टी सांगतो. आज त्याची दातखीळ बसली होती.

“नाव सांगायला लाजतोय,” मागून तिचा मामा पुटपुटला, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं, “की आधीच दुसरीकडे कुठं सांगून बसलाय?”

कुणीतरी फिसकन हसलं. नवरी मात्र हसली नाही. सकाळपासूनच काहीतरी बिनसलं होतं. जिन्यापाशी यानं आईला म्हटलं होतं, “तू खालीच बस. गुडघे दुखतील.” पोटच्या पोराच्या लग्नात आईला कुणी खाली बसवतं का? म्हातारी कठडा धरून वर आलीच, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. आणि लग्नाची नोटीस लागली त्या दिवशी हिनं गमतीनं त्याला त्या कागदावरच्या नावानं हाक मारली, तर तो एकदम गंभीर झाला होता. “घरात नको हं. आईसमोर तर कधीच नको.” का, ते काही केल्या सांगेना.

“अहो, बोला. बाहेर माणसं खोळंबलीत.”

त्यानं मान खाली घातली आणि नाव घेतलं. स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव.

“ऐकू आलं नाही.”

त्यानं पुन्हा घेतलं. या वेळी भिंतीपर्यंत गेलं.

बाकावरची म्हातारी चटकन वळली. मुलाकडे नाही, दाराकडे. हाक ऐकून कुणी आत येईल म्हणून बघावं, तशी. दारात कुणी नव्हतं. तरी ती बघतच राहिली.

नवरी तिच्याकडे बघत होती. या घरात हा एकुलता एक. ना भाऊ, ना बहीण. तरी अख्खी गल्ली याला धाकट्याच म्हणते. तीही म्हणत आली. कुणापेक्षा धाकटा, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

“आता तुम्ही,” साहेब तिला म्हणाले. “यांचं पूर्ण नाव घेऊन सांगा, की यांना पती मानते.”

ती साहेबांकडे न बघता बाकाकडे वळली.

“आई, हे थोरल्यांचं नाव ना? घेऊ मी?”

म्हातारीनं दारावरची नजर कशीबशी सोडवली.

“घे बाई. तो गेला, मग हा झाला. त्याचं नाव मी याला दिलं, पण त्या नावानं हाक मारायला जीभ काही वळली नाही. तू घे. चांगलं मोठ्यानं घे. मला सवय होऊ दे.”