तिखट कॉन्टी

नवस विसरून कोर्राडोने पहिला घास घेतला, असं म्हणणं खोटं ठरेल. नवस चांगला आठवत होता. तरी घेतला. फ्रीमँटलच्या मासेमारी धक्क्यावर गाडी उभी होती, काचा वर, मांडीवर पांढरा कागद. कागदात इलदाच्या दुकानातला कॉन्टी रोल. कडक सालीचा पाव, सलामीचे म्हणजे खारवलेल्या मांसाचे काप, चीज, व्हिनेगरमध्ये मुरवलेलं वांगं आणि लाल मिरचीचा सढळ हात. बॉनेटवर एक सीगल पक्षी येऊन बसला आणि टक लावून बघत राहिला. कोर्राडोने त्याच्याकडे पाठ केली.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या बायकोला, जाचिंताला, ताप आला होता. ताप गेला आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला. कसलाच वास येईना, जेवण मातीसारखं लागू लागलं. दूध करपलं तरी तिला धूर दिसल्यावर कळायचं. तेव्हा कोर्राडोने मेरीमातेपुढे मेणबत्ती लावून सांगितलं की हिला परत वास येईपर्यंत कॉन्टीला शिवणार नाही. जाचिंता हसली. मेरीमातेला तुझ्या सलामीचं काय करायचंय, म्हणाली. पण त्याने नवस पाळला. इलदाचं दुकान आलं की तो रस्ता ओलांडून पलीकडून जायचा.

आता फेब्रुवारी लागला होता. रविवारी टोमॅटोचा सॉस करायचा होता. त्या दिवशी सगळं घर अंगणात जमतं, मोठाली पातेली चढतात आणि वर्षभराच्या बाटल्या भरल्या जातात. सॉस झाला की नाही, हे जाचिंता नुसत्या वाफेच्या वासावरून सांगायची. तिने मान हलवल्याशिवाय जाळ काढायची कुणाची छाती नव्हती. यंदा तिने सगळी पातेली सुनेच्या, ब्रॉन्विनच्या, गाडीत घालून दिली. नाकच नाही तर मी तिथे शोभेला बसू का, म्हणाली. त्यानंतर ती आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी वावरत होती.

ब्रॉन्विनने बाटल्यांची झाकणं मागितली आणि ती इलदाकडेच मिळत. म्हणून आज त्याला दुकानाची पायरी चढावी लागली. इलदाने त्याला बघताच काय हवं ते न विचारताच पाव चिरायला घेतला.

"काका, आमचं काही चुकलं का? इतके महिने तोंड दाखवलं नाहीत."

नवसाचं सांगितलं असतं तर सुटला असता. पण तेवढ्यात मिरचीच्या बरणीचं झाकण उघडलं आणि त्याची जीभ फितूर झाली.

"जरा तिखट कर," तो म्हणाला.

शेवटचा तुकडासुद्धा त्याने सीगलला टाकला नाही. लाज वाटत होती आणि चवही लागत होती. खाऊन झाल्यावर मात्र नुसती लाज उरली. हिला आता कधीच वास आला नाही तर? रविवारी ती दार लावून आत बसून राहिली तर? त्याने धक्क्यावरच्या नळाखाली हात खसाखसा चोळले, कागद लांबच्या कचराकुंडीत टाकला आणि चोरासारखा घरी आला.

जाचिंता टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. त्याने झाकणांची पिशवी तिच्यापुढे ठेवली. तिचे हात थांबले.

"कॉन्टी खाऊन आलास ना?"

इलदाचा फोन आला असणार. बायकांच्या पोटात काही राहत नाही. कोर्राडो खुर्चीत बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. बरणी, धक्का, सीगल. मेरीमाता मला काय शिक्षा करायची ती करो, पण तुला नको, असंही म्हणाला. जाचिंताचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तिने त्याचा हात ओढून घेतला, बोटं नाकाशी धरली आणि डोळे मिटले. बराच वेळ तिने हात सोडला नाही. तिच्या गालावरून पाणी ओघळलं तसा तो घाबरला.

"इलदाला सांग," ती म्हणाली, "वांग्यात व्हिनेगर जास्त झालंय. आणि ब्रॉन्विनकडून माझी पातेली घेऊन ये."