शिश्का निघाली तेव्हा

कुणी लांब निघालं की आम्हा रशियनांत दाराबाहेर पडण्याआधी सगळे मिनिटभर खाली बसतात. तसं बसलं की जाणारा सुखरूप परत येतो. शिश्का कुत्रीला अंतराळयानात न्यायच्या सकाळी आम्ही बसायला लागलो, तर आमचे साहेब अर्सेनी ल्वोविच हसले. "उठा. ती कुठं परत यायचीय?"

तोवर आम्हाला उलटंच सांगितलं होतं. तिला सांभाळणाऱ्या कपितोलिनानं तर तिच्यासाठी घरी गादी शिवून ठेवली होती.

पुढच्या हिवाळ्यात साहेब हृदयाच्या ऑपरेशनला लेनिनग्राडला निघाले. दाराशी आपल्या बॅगेवर टेकले आणि म्हणाले, "बसा रे सगळे."

"गाडी खोळंबलीय, अर्सेनी ल्वोविच," कपितोलिना म्हणाली आणि तिनं दार उघडून धरलं.

साहेबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आम्ही उभेच राहिलो.